टॅबवर त्रिमितीय आलेख : फिरवण्याआधी कापायला शिका

बारावीला रेषा आणि प्रतल हा धडा येईपर्यंत आलेखाचं बरं चाललेलं असतं. दोन अक्ष, आलेखाचा कागद, टोक केलेली पेन्सिल, झालं. तिसरा अक्ष आला की फळ्यावरची चित्रं दगा देऊ लागतात. पुढे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षाला दोन चलांची फंक्शन्स, पार्शियल डेरिव्हेटिव्ह आणि ट्रिपल इंटिग्रल सुरू होतात आणि निम्मा वर्ग चित्राचा नाद सोडून नुसती सूत्रं पाठ करायला लागतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांत मराठी माध्यमातून आलेल्या पोरांचं तर दुहेरी मरण. भाषाही नवी आणि चित्रही दिसत नाही.

यावर हाताशी असलेला चांगला उपाय म्हणजे टॅबवरचं त्रिमितीय ग्राफिंग ॲप. समीकरण टाईप करा, पृष्ठभाग समोर उभा राहतो आणि बोटानं फिरतोसुद्धा. पण बहुतेक नवखे इथेच अडकतात. पृष्ठभाग गरागरा फिरवतात, रंग बदलतात, ‘भारी दिसतंय’ म्हणतात आणि ॲप बंद करतात. परीक्षेत त्याचा काडीचा उपयोग होत नाही. कारण स्क्रीनही शेवटी सपाटच आहे. पृष्ठभाग फिरवल्यानं ओळखीचा होतो, समजतो मात्र कापल्यावर. हा सगळा लेख त्या कापण्याचाच आहे, बाकीच्या गोष्टी ओघात येतील.

कोणतं ॲप घ्यायचं

नवख्यानं सरळ ‘जिओजेब्रा थ्रीडी कॅल्क्युलेटर’ घ्यावं. अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हींवर फुकट मिळतं. जिओजेब्रा ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्गला विद्यार्थी असताना सुरू केलं. त्यात तिसरी मिती आली ती २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून. ‘डेस्मॉस’नंही २०२३ पासून त्रिमितीय कॅल्क्युलेटर दिलाय, तो ब्राउझरमध्ये छान चालतो. दिसायला डेस्मॉस जास्त देखणं. भूमितीची अवजारं, प्रतल, छेद, तयार आज्ञा हे सगळं लागणाऱ्याला जिओजेब्रा बरं पडतं. खाली जे सांगतोय ते जिओजेब्रा धरून आहे.

एकदा डाउनलोड झालं की हे ॲप इंटरनेटशिवाय चालतं. यावल-रावेरच्या मळ्यात किंवा धडगावच्या पाड्यावर रेंज येवो न येवो, आलेख निघणार. महाज्योतीसारख्या सरकारी संस्थेच्या योजनेतून मिळालेला टॅब असेल आणि त्यावर बाहेरचं ॲप टाकता येत नसेल, तर हेच कॅल्क्युलेटर जिओजेब्राच्या संकेतस्थळावर ब्राउझरमध्ये उघडतं. फक्त तेव्हा नेट लागेल.

ॲपची भाषा इंग्रजीच राहू द्या. आज्ञा इंग्रजीत असल्या की पुस्तकातल्या, व्हिडिओतल्या आज्ञा जशाच्या तशा चालतात. या लेखात मी एक्स, वाय, झेड असं देवनागरीत लिहितोय. टॅबवर अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे दाबायचे. टोपीचं चिन्ह (^) म्हणजे घात.

उघडल्यावर काय दिसतं

टॅब आडवा धरा. डावीकडे समीकरणांच्या ओळी, उजवीकडे अक्ष. उभा धरला तर ओळी खाली जातात आणि कीबोर्ड उघडला की चित्राला जागाच उरत नाही, म्हणून आडवाच बरा.

तीन अक्षांना तीन रंग आहेत. एक्स लाल, वाय हिरवा, झेड निळा. हे पहिल्याच दिवशी पाठ करून टाका, कारण चित्र चार वेळा फिरवल्यावर कुठला अक्ष कुठे गेला हे फक्त रंगच सांगतो. मधली राखाडी चौकट म्हणजे जमीन, झेड शून्य असलेलं प्रतल.

एका बोटानं ओढलं की चित्र फिरतं. दोन बोटांची चिमटी उघडली-मिटली की जवळ-लांब होतं. भलतीकडेच गेलात तर घराच्या चित्राचं बटण मूळ जागी आणतं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक रंगीत गोल असतो. तो दाबला की ती वस्तू लपते, पुन्हा दाबला की येते. पुसायची घाई करू नका, लपवायची सवय लावा. ओळीच्या शेवटच्या तीन टिंबांत सेटिंग्ज आहेत. तिथून रंग आणि पारदर्शकता बदलता येते. पृष्ठभाग अर्धा पारदर्शक केला की आतलं दिसतं आणि पुढे आपल्याला आतलंच बघायचंय.

एवढं पुरे. बाकी बटणं लागतील तेव्हा बघू.

पहिला पृष्ठभाग आणि पहिला काप

पहिल्या ओळीत लिहा :

एफ(एक्स, वाय) = एक्स^२ + वाय^२

एंटर दाबण्याआधी वहीत दोन मिनिटं घालवा. वाय शून्य ठेवला तर काय उरतं? एक्सचा वर्ग, म्हणजे ओळखीचा अन्वस्त (पॅराबोला). एक्स शून्य ठेवला तरी तोच. झेड ४ ठेवला तर एक्स^२ + वाय^२ = ४, म्हणजे २ त्रिज्येचं वर्तुळ. उभं कापलं की अन्वस्त, आडवं कापलं की वर्तुळ. आता एंटर दाबा. वर तोंड उघडलेला पॅराबोलॉइड समोर येईल आणि तो तसा का आहे हे तुम्हाला आधीच माहीत असेल. हा क्रम उलटा करू नका. आधी चित्र बघितलं की मेंदू आळशी होतो.

आता तेच काप ॲपमध्ये काढू. यासाठी ‘कर्व्ह’ ही आज्ञा लागते. पहिली दोन-तीन अक्षरं टाईप केली की खाली सूचना येते, तीच निवडा. मग कंसात हे भरा :

कर्व्ह(टी, १, एफ(टी, १), टी, −२, २)

पहिले तीन घटक म्हणजे बिंदूचे तीन निर्देशक. एक्सच्या जागी टी, वायच्या जागी कायमचा १, झेडच्या जागी फंक्शनची किंमत. मग चलाचं नाव टी आणि तो कुठून कुठे जाणार, −२ पासून २ पर्यंत. एंटर दाबलं की पृष्ठभागाच्या अंगावर एक रेघ उमटते. तिचा रंग गडद करा, पृष्ठभाग पारदर्शक करा. वाय = १ या उभ्या प्रतलानं पृष्ठभाग कापला तर पडणारी हीच ती रेघ, उंची टी^२ + १.

पार्शियल डेरिव्हेटिव्ह म्हणजे या रेघेचा उतार, दुसरं काही नाही. वाय धरून ठेवला, एक्स हलवला. एक्स १ असताना उतार २ येतो. व्याख्येतल्या ‘वाय स्थिर मानून’ या शब्दांना आता डोळ्यांसमोर जागा मिळाली. दुसरा काप तुम्हीच काढा. एक्स १ ठेवा, वायच्या जागी टी घाला. दोन रेघा (१, १, २) या बिंदूवर एकमेकींना छेदतात. तो बिंदूही ओळीत टाकता येतो, नुसते तीन आकडे कंसात लिहायचे.

आता या दोन रेघांचे त्या बिंदूवरचे दोन उतार घेतले की स्पर्शप्रतल मिळतं :

झेड = २एक्स + २वाय − २

हे टाईप करा आणि (१, १, २) च्या जवळ जात राहा. चिमटीनं मोठं करत गेलात की पृष्ठभाग आणि प्रतल वेगळे ओळखू येईनासे होतात. ‘डिफरेन्शिएबल’ या शब्दाचा अर्थ पानभर सिद्धतेपेक्षा इथे लवकर पटतो. सिद्धता तरीही लिहावी लागणारच, पेपरात टॅब नेता येत नाही.

स्लायडर लावून बघा

नवी फाईल घ्या. पहिल्या ओळीत ए = १ लिहा. ॲप आपोआप सरकपट्टी देतं. दुसऱ्या ओळीत :

झेड = एक्स^२ + ए × वाय^२

ए हळूहळू कमी करा. १ असताना ओळखीचा पॅराबोलॉइड. ०.५ वर तो वायच्या दिशेनं पसरट होतो. खाली येत शून्यावर आला की वायच्या दिशेनं चढ उरतच नाही, पृष्ठभागाची लांबलचक पन्हळ होते. आणि शून्याच्या खाली गेलात की दोन बाजू वर आणि दोन बाजू खाली. हे खोगीर. मध्ये मूळबिंदू तसाच, जागचा हललेला नाही, पण एका दिशेनं पाहिलं तर तो सगळ्यात खालचा आणि दुसरीकडून सगळ्यात वरचा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात खोगीर जवळून बघितलेलं असेल तर घोड्याच्या लांबीच्या दिशेनं ते कसं दोन्हीकडे वर चढतं आणि पोटाच्या बाजूंना कसं खाली उतरतं, ते आठवा.

एक पोरगा हे बघून म्हणाला, ‘‘सर, हाई काय शे? बिंदू एकच, आन् मॅक्झिमम बी तोच, मिनिमम बी तोच?’’ प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. उत्तर असं की दोन्ही नाही. मॅक्झिमम म्हणवून घ्यायचं तर सगळ्या दिशांनी वरचढ असावं लागतं.

आता सूत्राकडे या. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची कसोटी इथे सोपी पडते. एक्सच्या दिशेचं दुसरं डेरिव्हेटिव्ह २, वायच्या दिशेचं २ए, मिश्र शून्य. म्हणून कसोटीतली राशी (पहिल्या दोघांचा गुणाकार वजा मिश्राचा वर्ग) ४ए. ए धन तर राशी धन, मिनिमम. ए ऋण तर राशी ऋण, खोगीर. आणि ए शून्य असताना कसोटी गप्प बसते, काहीच सांगत नाही. ती का गप्प बसते हे पन्हळीकडे बघून कळतं, कारण तिथे मूळबिंदूसारखे तळाचे बिंदू एका रेषेत असंख्य आहेत. पुस्तकात ‘टेस्ट फेल्स’ एवढे दोनच शब्द असतात.

सरकपट्टीजवळचं प्ले बटण दाबलं तर ए आपोआप खालीवर होत राहतो. वर्गात प्रोजेक्टरवर दाखवायला ते चांगलं. एकट्यानं अभ्यास करताना बोटानंच सरकवा, आणि शून्यापाशी थांबा.

बारावीवाल्यांसाठी : रेषा आणि प्रतल

या तीन ओळी टाका :

एक्स + वाय + झेड = ६
एक्स − वाय + झेड = २
२एक्स + वाय − झेड = १

तीन प्रतलं येतील. आता चौथ्या ओळीत (१, २, ३) हा बिंदू. तिन्ही प्रतलं बरोबर तिथे भेटतात. मग तिसऱ्या समीकरणाच्या जागी २एक्स + २झेड = ८ घाला. ही पहिल्या दोघांची बेरीज आहे. आता तिन्ही प्रतलं एका बिंदूऐवजी एका अख्ख्या रेषेत भेटतात, उत्तरं असंख्य. उजवीकडचा ८ बदलून ९ केला की तिसरं प्रतल त्या रेषेपासून सुटतं आणि उत्तरच उरत नाही. डिटरमिनंट शून्य आल्यावर काय काय होऊ शकतं, त्याची दोन्ही चित्रं पाच मिनिटांत.

विषमतलीय, म्हणजे समांतरही नसलेल्या आणि एकमेकींना भेटतही नसलेल्या रेषांसाठी मात्र चित्राकडे जरा संशयानं बघायला हवं. लाल एक्स अक्ष आहेच. दुसरी रेषा ‘लाइन’ आज्ञेनं काढा, (०, ०, २) आणि (०, १, २) या दोन बिंदूंतून. आता चित्र असं फिरवा की तुम्ही बरोबर वरून बघताय. दोन रेषा काटकोनात एकमेकींना छेदताना दिसतील. छेदत अजिबात नाहीत, त्यांच्यात २ एककांचं अंतर आहे. बाजूनं बघा म्हणजे दिसेल. स्क्रीनवर दोन गोष्टी एकमेकींना लागलेल्या दिसल्या म्हणून त्या लागलेल्या असतात असं नाही. किमान दोन वेगळ्या बाजूंनी बघितल्याशिवाय निकाल देऊ नका, आणि निकाल शेवटी गणितानंच द्यायचा.

गोल, सिलिंडर आणि इंटिग्रलच्या मर्यादा

एक्स^२ + वाय^२ + झेड^२ = ९ लिहिलं की ३ त्रिज्येचा गोल येतो. त्या गोलावर अक्षांश-रेखांशांसारखी जाळी मनातल्या मनात चढवून बघा. ही जाळी बघून भास्कराचार्य आठवल्याशिवाय राहत नाहीत. लीलावतीत गोलाच्या पृष्ठफळाचा नियम सांगताना त्यांनी चेंडूभोवतीच्या जाळीचाच दाखला दिलाय. वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट केली की ते फळ मिळतं, असा तो नियम. चाळीसगावजवळच्या पाटणला तेराव्या शतकाच्या आरंभीचा यादवकालीन शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, अशी त्यात नोंद आहे. पाटणादेवीला दर्शनाला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असतं कोण जाणे.

सिलिंडरला एक छोटी खोच आहे. एक्स^२ + वाय^२ = ४ लिहिल्यावर सिलिंडरऐवजी जमिनीवर नुसतं वर्तुळ उमटलं, तर समीकरणात शून्य झेड जोडा : एक्स^२ + वाय^२ + ०झेड = ४. किंमत काही बदलत नाही, पण हे तीन मितींतलं समीकरण आहे हे ॲपला कळतं.

आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं नेहमीचं गणित घ्या. झेड = एक्स^२ + वाय^२ हा पॅराबोलॉइड आणि झेड = ४ हे प्रतल, यांच्यामधलं घनफळ काढा. दोन्ही टाईप करा. प्रतल झाकणासारखं वर बसतं. वरून सरळ खाली बघा. जमिनीवरची सावली २ त्रिज्येचं वर्तुळ आहे, म्हणजे बाहेरच्या दोन इंटिग्रलच्या मर्यादा ठरल्या. आता जमिनीवरच्या एखाद्या बिंदूवरून उभी काठी वर न्या. ती आधी पॅराबोलॉइडला लागते, मग प्रतलाला. म्हणजे झेडच्या मर्यादा खाली एक्स^२ + वाय^२, वर ४. पुष्कळ पोरं खालची मर्यादा शून्य लिहितात, कारण काठी पृष्ठभागात कुठे शिरते हे त्यांनी कधी बघितलेलंच नसतं. उत्तर ८ गुणिले पाय, साधारण २५.१३ घन एकक.

याहून गोड गणित दोन सिलिंडरांचं आहे :

एक्स^२ + वाय^२ + ०झेड = ४
एक्स^२ + झेड^२ = ४

एक उभा, एक आडवा, दोन्ही एकमेकांतून आरपार. दोघांत सामाईक असलेल्या भागाचं घनफळ काढायचंय. कितीही फिरवा, तो सामाईक भाग नेमका कसा आहे हे डोळ्याला उलगडत नाही. आता फिरवणं थांबवा आणि कापा. बी = ० असा स्लायडर घ्या आणि एक्स = बी हे प्रतल टाका. या प्रतलावर उभ्या सिलिंडरचा काप म्हणजे दोन उभ्या रेषा, वाय = ± वर्गमूळ(४ − बी^२). आडव्या सिलिंडरचा काप म्हणजे दोन आडव्या रेषा, झेड = ± तेच वर्गमूळ. चार रेषांनी घेरलेला चौरस! बी सरकवा, चौरस मध्यावर सगळ्यात मोठा आणि टोकांना बिंदू. गोलाई असलेल्या दोन वस्तूंचा सामाईक भाग कापावा आणि आत निव्वळ चौरस निघावा, याची मजा काही औरच. चौरसाचं क्षेत्रफळ ४(४ − बी^२), त्याचं −२ पासून २ पर्यंत इंटिग्रल घेतलं की १२८/३. पुस्तकातलं सूत्र १६ए^३/३ आहे, त्यात ए म्हणजे त्रिज्या, ए = २ घालून ताळा करून बघा.

समतल रेषा जमिनीवर

आडव्या कापांचा एक उपयोग आपल्याकडच्या डोंगरात रोजच्या कामाचा आहे. पाणलोटाच्या कामात सलग समतल चर खोदतात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं काम त्यासाठीही नावाजलं गेलं. चर खोदताना उंची सगळीकडे सारखी ठेवावी लागते, नाहीतर पाणी चरातच वाहत सुटतं, मुरत नाही. म्हणजे तो चर म्हणजे झेड = स्थिर या प्रतलानं डोंगर कापल्यावर मिळणारी रेघ. गणितात तिलाच लेव्हल कर्व्ह म्हणतात. आणि सगळ्यात तीव्र चढाची दिशा, म्हणजे ग्रेडियंट, त्या रेघेला काटकोनात असतो. पाणी ज्या दिशेनं धावतं ती बरोबर ग्रेडियंटच्या उलटी.

टॅबवर एखादा डोंगर करून बघा :

झेड = ३ / (१ + एक्स^२ + २ × वाय^२)

मग सी = १ हा स्लायडर आणि झेड = सी हे प्रतल. सी वर नेत चला आणि प्रतलाची डोंगराशी मिळणारी कड वरून बघा. कड विवृत्ताकार आहे. एक्सच्या दिशेला लांब, वायच्या दिशेला आखूड, म्हणजे वायच्या दिशेचा उतार जास्त कडक. नकाशातल्या रेघा जिथे दाट तिथे चढ अवघड, हे भूगोलाच्या तासाला सांगितलेलं असतंच.

ॲप कुठे फसवतं

ॲप पृष्ठभागावरचे सगळे बिंदू काढत नाही. ते एक जाळी घेतं, जाळीच्या गाठींवर किमती काढतं आणि गाठी जोडून टाकतं. ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवली की बरेचसे घोटाळे आपोआप सुटतात.

झेड = वर्गमूळ(९ − एक्स^२ − वाय^२) लिहून बघा. अर्धगोल येतो, पण खालची कड करवतीसारखी दातेरी दिसू शकते. दाते गणितात नाहीत, जाळीत आहेत. जमिनीजवळ पृष्ठभाग जवळजवळ उभा आहे आणि वर्तुळाच्या बाहेर फंक्शनला किंमतच नाही, त्यामुळे तिथल्या गाठी अर्ध्या गळतात. कड गुळगुळीत हवी असेल तर गोलाचं पूर्ण समीकरणच द्या.

खरी परीक्षा या फंक्शनची :

एफ(एक्स, वाय) = एक्स × वाय / (एक्स^२ + वाय^२)

मूळबिंदूपाशी पृष्ठभाग चुरगळल्यासारखा दिसेल, पण फाटलेला दिसेलच असं नाही. कारण ॲपनं शेजारच्या गाठी जोडून दिल्यात. नुसतं बघून ‘लिमिट आहे’ म्हणालात तर गुण गेले. इथेही कापा. एम = १ असा स्लायडर घ्या आणि लिहा :

कर्व्ह(टी, एम × टी, एफ(टी, एम × टी), टी, −२, २)

ही वाय = एमएक्स या रेषेवरची फंक्शनची उंची. एम सरकवा आणि रेघेकडे नीट बघा. ती कायम आडवी आहे! एम १ असताना उंची १/२, एम −१ असताना −१/२, शून्यावर शून्य. प्रत्येक वाटेनं मूळबिंदूकडे जाताना उंची आपली तीच ती राहते, आणि वाट बदलली की उंची बदलते. मग मूळबिंदूवर लिमिट कुठली असणार? कागदावर वाय = एमएक्स घालून एम/(१ + एम^२) मिळतं, हे प्रत्येकानं केलेलं असतं. ती आडवी रेघ वरखाली होताना बघितली की त्या अपूर्णांकाचा अर्थ लागतो.

बाकीच्या खोड्या किरकोळ आहेत. साइन(एक्स) चा आलेख ॲप रेडियनमध्ये काढतं, नुसता आकडा घातलात तर कोन अंशात धरलाय की रेडियनमध्ये ते बघून घ्या. अंशात हवं तर अंशाचं चिन्ह लावा. कंस सढळ हातानं वापरा, १/२एक्स चा अर्थ तुमच्या मनात एक आणि ॲपच्या मनात दुसरा असू शकतो. पृष्ठभाग अगदीच चपटा किंवा आकाशाला भिडलेला दिसला, तर बहुतेक अक्षांचं प्रमाण जमलेलं नाही. सेटिंग्जमध्ये तिन्ही अक्षांचं प्रमाण वेगवेगळं ठेवता येतं. पण प्रमाण वेगळं असताना गोल अंड्यासारखा दिसतो आणि काटकोन काटकोन दिसत नाही, हे ध्यानात असू द्या.

कॅमेऱ्यातून टेबलावर पृष्ठभाग ठेवून दाखवणारी ‘एआर’ सोय काही टॅबांवर चालते. एकदा गंमत म्हणून बघायला हरकत नाही. अभ्यासात तिचा मला फारसा फायदा दिसला नाही.

टॅब, ऊन आणि फाईल

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो आणि त्रिमितीय चित्रं टॅबला तशीही तापवतात. टॅब तापला की आधी स्क्रीन आपोआप मंद होते, मग चित्र अडखळत फिरतं. ते ॲप बिघडल्याचं लक्षण नाही. पत्र्याखाली, चार्जिंगला लावून, जाड कव्हरसकट वापरू नका. दुपारी कव्हर काढून पंख्याखाली बसा, नाहीतर सरळ सकाळी करा. घामेजलेल्या बोटांनी चिमटी नीट बसत नाही, जवळ एक कोरडं फडकं ठेवा. एकाच वेळी पाच-सहा पृष्ठभाग चालू ठेवले तर साधा टॅब धापा टाकतो, नको ते रंगीत गोलावरून लपवा.

फाईल जिओजेब्राच्या संकेतस्थळावर जपून ठेवायला खातं काढून साइन इन करावं लागतं आणि तेवढ्यापुरतं नेट लागतं. नेट नसेल तर स्क्रीनशॉट काढा आणि सोबत समीकरणांच्या ओळीही चित्रात येतील असं बघा, कारण आठवड्यानं नुसता रंगीत पृष्ठभाग बघून तो कशाचा होता हे आठवत नाही. फाईलला ‘ग्राफ १’, ‘ग्राफ २’ अशी नावं देऊ नका. ‘दोन सिलिंडर सामाईक भाग’ असं नाव असलं की परीक्षेच्या आदल्या रात्री पटकन सापडतं. मित्राला लिंक पाठवलीत तर त्याला आधी सगळे काप लपवूनच पाठवा, आणि वहीत त्यानं काय काढलं ते विचारल्याशिवाय पुढची ओळ उघडायला सांगू नका.